वजनाचा कांटा अडतो तेव्हां

आमच्या घरांत माणसें तोलण्याचा कांटा आला तो गेल्या वर्षाच्या श्रावणांत. त्यापूर्वीं पडवींत भाताचीं पोतीं तोलावयाचा कांटा होता, तेवढाच. नसरापुराहून वेल्ह्यास जाणाऱ्या रस्त्यावर आमचें विंझर. पश्चिमेस तोरणा, चार महिने कोसळणारा पाऊस, आणि चढ-उताराची भातशेती. अशा गांवांत कोणाच्या अंगावर मांस चढलें तर तें दैव समजावयाचें आणि उतरलें तर दुखणें समजावयाचें, अशी आमच्या लहानपणची समजूत. आतां पाणी नळानें येतें, भात गिरणींत सडला जातो, वाटण यंत्रावर होतें. आणि घरांतील बायकांचें काम संपत नसलें तरी अंगमेहनत मात्र पुष्कळच कमी झाली आहे.

कांटा आणण्याचें कारण आमच्या सूनबाई. (हें सारें तिच्या अनुमतीनेंच लिहीत आहों.) तिचें वय 34, उंची 155 सेंटिमीटर, वजन 74 किलो. तिच्या आईस मधुमेह; म्हणून सहज रक्त तपासलें तों तीन महिन्यांच्या साखरेचा आंकडा 6.2 निघाला. हा आंकडा 5.7 च्या खालीं असावा, 6.5 झाला कीं त्यास मधुमेह म्हणतात; मधला प्रदेश उंबरठ्याचा. डॉक्टरांनीं सांगितलें कीं वजन उतरवा, चाला, आणि तूर्त औषध नको. मुलगी निश्चयाची. गोड सोडलें, रात्रींचा भात सोडला, पहाटे मार्गासनीच्या रस्त्यानें चालणें सुरू केलें. पहिल्याच आठवड्यांत दोन किलो उतरले, पौषापर्यंत कांटा 66 वर आला, आणि घरांत तिचें कौतुक झालें.

नंतर कांटा अडला. एक आठवडा, दोन आठवडे, अकरा आठवडे. खाणें तेंच, चालणें तेंच, आणि आंकडा 66 चा 66. एकत्र कुटुंबांत अशा वेळीं काय होतें तें वाचकांस सांगावयास नकोच. प्रथम कौतुक थांबलें. मग कोणी म्हणालें, दुपारीं कोणी नसतांना खात असेल. कोणी म्हणालें, माहेरीं जाऊन आली तेव्हांपासून बिघडलें. आणि गुढी पाडव्याच्या पंगतींत, पुरणपोळी वाढून ती वळत असतां, आम्हीं, घरांतील वडील मनुष्यानें, सर्वांसमक्ष म्हटलें, "सूनबाई, कांटा कांहीं खोटें बोलत नाहीं."

ती कांहीं बोलली नाहीं. त्या दिवसापासून तिनें रात्रींचें जेवण बंद केलें. पांचव्या दिवशीं सकाळीं ओट्यापाशीं घेरी येऊन ती खालीं बसली. डॉक्टर आले, साखर-पाणी दिलें, आणि आमच्याकडे पाहून जें बोलले तें येथें देत नाहीं. रात्रीं आमचें कुटुंब म्हणालें, "अहो, छत्तीस वर्षें शिकवलेंत. उत्तर चुकलें तर आधीं रीत तपासा, असें मुलांना सांगत होतांत. घरच्या मुलीला रीत न तपासतांच नापास केलेंत."

हा आरोप खरा होता. म्हणून आम्हीं रीत तपासावयाचें ठरविलें. चिरंजीवांनीं शास्त्रीय नियतकालिकांतील निबंध उतरवून आणून दिले. आमचें इंग्रजी मॅट्रिकपुरतें, तरी कोश जवळ घेऊन दोन महिने वाचलें, अडलें तेथें डॉक्टरांस विचारलें. त्यांतून जें समजलें तें ज्या घरांत असाच एखादा कांटा अडला असेल त्यांच्या उपयोगीं पडेल असें वाटतें.

आधीं त्या पहिल्या दोन किलोंविषयीं. ते चरबीचे नव्हतेच. आपल्या यकृतांत व स्नायूंत साखरेचा एक हाताशीं असलेला सांठा असतो, आणि त्याच्या एका भागाबरोबर सुमारें तीन भाग पाणी बांधलेलें असतें. खाणें कमी होतांच हा सांठा आधीं खर्च होतो आणि त्याचें पाणी निघून जातें. एक किलो चरबी म्हणजे अदमासें 7700 कॅलरी. ती एका आठवड्यांत दोन किलो जाळणें सामान्य माणसास शक्य नाहीं. पहिला आठवडा असा फसवा असतो, आणि पुढचे सारे आठवडे आपण त्याच्याशीं ताडून पाहतों.

आतां मुख्य प्रश्न. शाळेंत आम्ही हौदाचीं उदाहरणें घालीत असूं: एका तोटीनें पाणी येतें, दुसऱ्या तोटीनें जातें, तर हौद किती वेळांत रिकामा होईल? त्या उदाहरणांत एक लबाडी असते. खालची तोटी, हौद भरलेला असो वा तळास गेलेला असो, एकाच वेगानें वाहते असें धरलेलें असतें. खरा हौद तसा नसतो. पाणी उंच असलें तर दाब अधिक, धार जोराची. पातळी उतरली कीं धार मंदावते. वरची तोटी थोडी आवळली तर पातळी उतरूं लागते. उतरतां उतरतां खालची धारही बारीक होत जाते. आणि कोठें तरी येणें व जाणें सारखें होऊन पातळी थांबते. वरची तोटी आवळलेलीच आहे. कोणीं चोरून घागर ओतलेली नाहीं. तरी पातळी उतरत नाहीं.

शरीराचेंही असेंच. 74 किलोंचें शरीर चालवावयास, उठवावयास, ऊबदार ठेवावयास जेवढें इंधन लागतें तेवढें 66 किलोंच्या शरीरास लागत नाहीं. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेंत केव्हिन हॉल या संशोधकानें याचा बारकाईनें हिशेब केला. उतरलेल्या प्रत्येक किलोमागें शरीराचा रोजचा खर्च साधारण 20 ते 30 कॅलरींनीं घटतो. सूनबाईचे आठ किलो उतरले. म्हणजे तिचा खर्च दिवसास 160 ते 240 कॅलरींनीं कमी झाला. ज्या ताटानें श्रावणांत वजन उतरत होतें त्या ताटाची तेवढी बचत फाल्गुनांत उरली नव्हती.

यावर शरीराची स्वतःची काटकसर निराळीच. वेढा पडलेल्या गडावर किल्लेदार कोठारांतील धान्य पाहून शिधा कमी करतो, तसें शरीरही करतें. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, 1944-45 सालीं, अमेरिकेंतील मिनेसोटा विद्यापीठांत अँसेल कीज यांनीं 36 धडधाकट तरुणांस, त्यांच्याच संमतीनें, चोवीस आठवडे अर्धपोटीं ठेविलें. त्यांचीं वजनें सुमारें चतुर्थांशानें उतरलीं. पण त्यांच्या शरीराचा विसांव्याच्या वेळचा खर्च त्याहूनही अधिक प्रमाणांत, अदमासें चाळीस टक्क्यांनीं घसरला. हात-पाय गार पडत, नाडी मंद झाली, दिवसभर अन्नाखेरीज दुसरा विचार सुचेना. आणि पायांवर सूज आली, म्हणजे चरबी जात असतांना तिच्या जागीं पाणी साठत होतें आणि कांटा खरी हकीकत सांगत नव्हता. पाडव्यास आम्हीं उच्चारलेलें वाक्य शास्त्रतःही चूक होतें, तें असें. कांटा हाडें, मांस, चरबी, पाणी आणि पोटांतील अन्न यांची एकच बेरीज सांगतो.

एवढें वाचून आमची अशी समजूत झाली कीं सूनबाई सर्वस्वीं निर्दोष आणि शरीर तेवढें हटवादी. परंतु हिशेब येथें संपत नाहीं. हॉल यांच्याच गणिताप्रमाणें, खाणें जर खरोखरच ठरल्याइतकें राहिलें तर पातळी पूर्ण थांबावयास वर्ष-दोन वर्षें किंवा अधिक लागावीं. प्रत्यक्षांत बहुतेकांचा कांटा सहा-आठ महिन्यांतच अडतो, मग पद्धति कोणतीही असो: आपल्याकडे कै. डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारांवरून डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनीं घरोघर पोंचविलेली दोन वेळां जेवणाची असो, किंवा दर दोन तासांनीं थोडें खाण्याची असो. हल्लीं ज्या इंजेक्शनांचा बोलबाला आहे त्यांतील सेमाग्लुटाइडच्या मोठ्या चांचणींतही 68 आठवड्यांत सरासरी पंधरा टक्के वजन उतरलें, आणि साठाव्या आठवड्याच्या सुमारास घट थांबली. तर मग साध्या आहारानें कांटा इतक्या लौकर कां अडतो?

याचें उत्तर भुकेंत आहे. उतरलेल्या प्रत्येक किलोमागें खर्च 20-30 कॅलरींनीं घटतो हें वर सांगितलें; त्याच वेळीं भूक मात्र किलोमागें सुमारें 100 कॅलरींनीं वाढते. आठ किलो म्हणजे दिवसाची आठशें कॅलरींची वाढीव भूक! 1994 सालीं जेफ्री फ्रीडमन यांनीं लेप्टिन नांवाच्या द्रव्याचा शोध लावला; तें चरबींत उत्पन्न होतें आणि कोठारांत माल किती आहे याची वर्दी मेंदूस देतें. चरबी घटली कीं वर्दी क्षीण होते आणि मेंदू खाण्याचा तगादा लावतो. हा तगादा मोठ्यानें येत नाहीं. वाढतांना हात थोडा सैल होतो, घांस थोडा मोठा होतो, चव घेण्याचे प्रसंग वाढतात, आणि मनुष्य शपथेवर सांगतो कीं माझें खाणें पूर्वींइतकेंच आहे. तो खोटें बोलत नसतो. त्याला तें दिसतच नसतें.

न्यूयॉर्कमध्यें 1992 सालीं अशा दहा जणांची परीक्षा झाली, कीं जे म्हणत, आम्ही बाराशें कॅलरींहून कमी खातों तरी वजन उतरत नाहीं. त्यांचा शरीरखर्च मोजला तर तो ठीक निघाला. मात्र खाणें ते खऱ्याहून 47 टक्के कमी सांगत होते आणि हालचाल 51 टक्के अधिक. हा निबंध वाचल्यावर आम्हांस वाटलें, पाहा, शेवटीं आमचेंच खरें झालें! पण आमच्या कुटुंबाची नजर आठवली, आणि आम्हीं ठरविलें कीं परीक्षा घ्यावयाची तर सूनबाईबरोबर आपलीही घ्यावी.

स्वयंपाकघरांत एक लहान तराजू आणला. दोन वह्या घातल्या. प्रथम दोघांनींही आठवणीनें दिवसाचें खाणें लिहिलें. मग चार दिवस प्रत्येक पदार्थ तोलून लिहिला. सूनबाईची आठवण म्हणत होती 1350 कॅलरी. तराजू म्हणाला 1700 च्या आसपास. आमची आठवण म्हणत होती 1600. तराजूनें 2150 दाखविले. म्हणजे तिची चूक साडेतीनशेंची, आमची साडेपांचशेंची. आणि पंगतींत न्यायाधीश आम्ही!

तिचे साडेतीनशें कोठें होते? मुलांच्या ताटांतली उष्टी अर्धी पोळी, तळाशीं राहिलेला वरणभात, आमटी-भाजीची चव, आणि आल्यागेल्याबरोबर घेतलेला चौथा-पांचवा चहा. यांतील एकही वस्तु तिनें स्वतःसाठीं वाढून घेतलेली नव्हती. अन्न टाकूं नये हा संस्कार आम्हींच तिला दिला, आणि त्या संस्काराचें ओझें तिच्या अंगावर चढलें. आतां मुलांस प्रथम निम्मेंच वाढतात, मागितलें तर पुन्हा वाढतात. तरी उरलें तर गोठ्यांत जातें. आमचे साडेपांचशें आम्हीं स्वतःच्याच हातानें खाल्लेले होते: दुपारचे शेंगदाणे, भातावरचें दुसऱ्यांदा घेतलेलें तूप, आणि झोंपतांना साय घातलेलें दूध. त्याविषयीं अधिक लिहिण्याची इच्छा नाहीं.

एक हिशेब मात्र प्रत्येक घरानें करून पाहावा. आमच्या घरीं नऊ माणसें. महिन्यास सात लिटर गोडें तेल लागे. सात लिटर म्हणजे सुमारें 6440 ग्रॅम. नऊ माणसें, तीस दिवस: माणशीं रोज 24 ग्रॅम, म्हणजे सव्वादोनशेंच्या आंत-बाहेर कॅलरी. हें तेल कोणाच्याही ताटांत दिसत नाहीं, म्हणून कोणाच्याही हिशेबांत येत नाहीं. पळीऐवजीं मापाचा चमचा डब्यांत ठेविला आणि महिन्याचा खर्च पांच लिटरवर आला. माणशीं साठ कॅलरी वांचल्या. महिन्याच्या 1800, म्हणजे जेमतेम पाव किलो चरबी. एवढ्यासाठीं एवढा खटाटोप कां, असें धाकट्या बंधूंनीं विचारलें. आमचें म्हणणें असें कीं कांटा अडतो तोच मुळीं अशा लहान लहान रकमांनीं, आणि सुटला तरी तसाच सुटतो.

उपवासांविषयीं चार शब्द लिहिणें आवश्यक आहे, कारण आमच्या वर्गांत वजन अडलें कीं एक उपवास वाढविण्याची रीत आहे. एकादशी आणि दुप्पट खाशी ही म्हण उगीच पडली नाहीं. साबुदाणा हा निव्वळ पिठूळ पदार्थ, शंभर ग्रॅमला सुमारें 350 कॅलरी. त्यांत शेंगदाण्याचें कूट आणि तूप. आमच्या डोंगरउतारावर पिकणारी वरी व नाचणी यांचाही हल्लीं फार गवगवा होतो. नाचणींत चुना पुष्कळ आहे, चोथा आहे, भाकरी पोटांत टिकते, तेव्हां ती अवश्य खावी. परंतु कॅलरींच्या हिशेबांत ती गव्हाच्या जवळपासच आहे. नाचणीची तिसरी भाकरी ही तिसरी भाकरीच.

आतां आमच्या मूळ विद्येकडे वळतों. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत एकविसावा अध्याय अतिस्थूल व अतिकृश यांचा आहे. स्थूल मनुष्याच्या कोठ्यांत वायु कोंडून अग्नि प्रदीप्त करतो, म्हणून खाल्लेलें लौकर पचतें आणि पुन्हा भूक लागते, असें तेथें सांगितलें आहे. कारणमीमांसा आजच्याहून निराळी. पण या रोगांत भूक हीच वैरीण, हें निरीक्षण अचूक आहे. उपाय म्हणून पचावयास जड परंतु पोषणास हलकें असें अन्न द्यावें असें तो म्हणतो, आणि जव, मूग, कुळीथ, ताक यांचीं नांवें घेतो. पोट भरावें पण कोठार भरूं नये, हीच आजच्या आहारशास्त्राचीही युक्ति. शिवाय व्यायामादि उपाय क्रमाक्रमानें वाढवावे असें तेथें स्पष्ट आहे. आणि सातव्या अध्यायांत वाईट संवय सोडावयाची ती एकदम न सोडतां अंशाअंशानें सोडावी असा क्रमच घालून दिला आहे. एके रात्रींत जेवण बंद करणारी आमची सून आणि तिला तसें करावयास लावणारे आम्ही, दोघेही चरकाचे अपराधी.

एका बाबतींत मात्र आमचा चरकाशीं मतभेद झाला, हें सांगितलें पाहिजे. स्थौल्य घालविण्याच्या उपायांत तो जागरण सांगतो. शिकागो विद्यापीठांत 2010 सालीं दहा माणसांस तेंच मोजकें अन्न देऊन एकदां रात्रीं साडेआठ तास व एकदां साडेपांच तास झोंपेची मुभा ठेविली. दोन्ही वेळां वजन सारखेंच उतरलें. परंतु कमी झोंपेच्या वेळीं त्यांतील चरबीचा वांटा 55 टक्क्यांनीं घटला, आणि त्याऐवजीं मांस गेलें. शिवाय भूक वाढली ती निराळीच. सूनबाई रात्रीं साडेअकरास निजत होती आणि पहाटे पांचास उठत होती. चालण्याचें पुण्य ती झोंप विकून घेत होती म्हणावयाचें. आतां सकाळचा चहा आमचे चिरंजीव करतात. प्रथम चार दिवस घरांत त्याची चर्चा झाली. आतां होत नाहीं.

मांस गेलें तर काय बिघडतें, असें कोणी विचारील. बेतानें खाऊन उतरलेल्या वजनांत साधारण चतुर्थांश वांटा चरबीचा नसतो, आणि त्यांत स्नायूही असतात. ते गेले कीं शरीराचा खर्च आणखी घटतो, जिने चढतांना दम लागतो, आणि साठीच्या पुढें तर पडण्याचें भय. यास दोन उपाय: ताटांत पुरेसें प्रथिन आणि स्नायूंस काम. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेनें 2020 सालीं प्रथिनाचें माप वजनाच्या किलोमागें रोज 0.83 ग्रॅम असें दिलें आहे. म्हणजे 66 किलोंस सुमारें 55 ग्रॅम. आमच्या शाकाहारी घरांत वरण इतकें पातळ होतें कीं तेवढें भरत नसे. वरण घट्ट झालें, मोड आलेली मटकी व कुळथाचें पिठलें वारंवार होऊं लागलें, भात एक मूद कमी झाला. स्नायूंच्या कामासाठीं सूनबाईनें चालण्यांतील तीन दिवस कमी करून त्या दिवशीं उठाबशा, भिंतीला टेकून दंड, आणि पाण्यानें भरलेल्या बाटल्या उचलणें सुरू केलें. व्यायाम निम्म्या शक्तीनें करावा, कपाळावर घाम आला कीं थांबावें, हें आमच्या जुन्या ग्रंथांचें माप घरच्या घरीं पुरेसें आहे.

सर्वांत अधिक डोळे उघडले ते एका पुणेकर डॉक्टरांच्या कामानें. पुण्याच्या केईएम रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे लंडनचे सहकारी प्रा. जॉन युडकिन यांचें एक छायाचित्र 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्रांत 2004 सालीं प्रसिद्ध झालें. दोघांचाही उंचीच्या मानानें वजनाचा अंक 22.3, अगदीं एकच. परंतु शरीरांतील चरबी मोजली तर युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिक यांची 21.2 टक्के! पुण्याजवळच्या खेड्यांत 1993 पासून चाललेल्या त्यांच्या अभ्यासांत असें दिसलें कीं आपलीं बाळें जन्मतः इंग्रज बाळांहून जवळजवळ आठशें ग्रॅमनीं हलकीं असतात, पण त्यांची घट स्नायूंत व इंद्रियांत असते. चरबी त्या मानानें राखलेली असते. बारीक दिसणारा हिंदी मनुष्य आंतून लठ्ठ असूं शकतो. म्हणूनच आपल्या लोकांसाठीं 23 च्या वर वजन अधिक व 25 च्या वर लठ्ठपणा असें धरलें जातें, आणि कंबरेची मर्यादा पुरुषांस 90 व स्त्रियांस 80 सेंटिमीटर.

हें वाचलें आणि आम्हीं मोजपट्टी काढली. आमचे धाकटे बंधु, घरांत सर्वांत सडपातळ, वजन 62 किलो, सूनबाईच्या वजनावर सर्वांत अधिक बोलणारे. त्यांच्या हाता-पायांच्या काड्या आणि कंबर 94. साखर तपासली तर 6.9. मधुमेह घरांत होता, पण ज्याच्याकडे सारें घर बोट दाखवीत होतें तिला नव्हता. त्याच सायंकाळीं सूनबाईचीही कंबर मोजली. श्रावणांत दवाखान्यांत लिहिलेला आंकडा 98 होता, आतां 91. त्यांतले दोन सेंटिमीटर, तिनें मोजपट्टी घेऊन कपाटाच्या दारावर केलेल्या खुणांप्रमाणें, कांटा अडलेल्या अकरा आठवड्यांत उतरले होते. आम्ही आंकडा पाहत होतों आणि शरीर दुसरीकडेच काम करीत होतें.

कांटा अडला म्हणजे लाभही अडला असें नाहीं, याचा आणखी एक पुरावा चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांनीं 2006 सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत आहे. मधुमेहाच्या उंबरठ्यावरील भारतीयांस आहार व चालण्याची शिस्त लावली. त्यांच्या वजनांत म्हणण्यासारखी घट झाली नाहीं, तरी पुढें मधुमेह होण्याचें प्रमाण सुमारें 28 टक्क्यांनीं कमी झालें.

पुढची हकीकत थोडक्यांत. प्रथम आम्हीं कांटा खरोखर अडला आहे कीं नाहीं तें पाहण्याची रीत बसविली. आमची माजघराची फरशी जुनी, उंचसखल. कांटा एका कोपऱ्यांतून दुसऱ्या कोपऱ्यांत सरकविला तर किलोभर फरक पडे! तो आतां ओसरीवरील सपाट जागीं कायम ठेविला आहे. रोज सकाळीं, तोंड धुतल्यावर व कांहीं खाण्यापूर्वीं वजन घ्यावें, आणि सात दिवसांची सरासरी रविवारीं मांडावी. एका दिवसाच्या आंकड्यास अर्थ नाहीं: आदल्या रात्रीं पापड-लोणचें झालें तर मीठ पाणी धरतें, आणि स्त्रियांच्या महिन्यांतील कांहीं दिवसांत किलो-दीड किलो पाणी सहज राहतें. चार रविवार व कंबर, दोन्हीं हललीं नाहींत तरच कांटा अडला असें म्हणावें. तसें झालें तर दिवसास दीडशें-दोनशें कॅलरींपलीकडे कात्री लावूं नये. अमेरिकेंत दूरचित्रवाणीवरील स्पर्धेसाठीं झपाट्यानें वजन उतरविलेल्या चौदा जणांस सहा वर्षांनीं तपासलें, तेव्हां बहुतेकांचें वजन पुष्कळसें परत आलें होतें, आणि शरीराचा खर्च मात्र अपेक्षेहून रोज सुमारें पांचशें कॅलरींनीं कमीच राहिला होता. हें 2016 सालीं प्रसिद्ध झालें. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनीं तर डॉक्टरांस विचारल्यावांचून एक घांसही कमी करूं नये, कारण साखर एकदम खालीं जाते. थायरॉइडचा दोष, कांहीं औषधें यांमुळेंही वजन अडतें. ती तपासणी एकदां करून घ्यावी. आणि साठीनंतर प्रयत्नावांचून वजन उतरूं लागलें तर आनंद न मानतां दवाखान्यांत जावें.

पाडव्याचें वाक्य ज्या पंगतींत उच्चारलें त्याच पंगतींत, अक्षय्य तृतीयेस, आमरसाच्या वाट्या मांडल्या असतां, आम्हीं परत घेतलें. दोन्ही वह्या मोठ्यानें वाचून दाखविल्या. तिची आणि आमचीही. बंधु खालीं पाहून जेवले. सूनबाई म्हणाली, "मामंजी, आतां पुरे. रस निवतोय." (रस मुळींच ऊन नव्हता.)

वैशाखाच्या अखेरीस कांटा हलला. तोही हळूहळूच. भाद्रपदांत तो 63 वर आला आणि पुन्हा थांबला. कंबर 87, म्हणजे मर्यादेच्या अद्याप वरच. साखरेचा आंकडा 5.6. डॉक्टर म्हणाले, आतां कांहीं महिने येथेंच राहा, उतरविण्यापेक्षां टिकविणें हें काम आहे, आणि तें काम तुम्ही सारे मिळून करा. बंधूंची वही आषाढापासून सुरू आहे. त्यांच्या कंबरेचे दोन सेंटिमीटर उतरले. वजन होतें तेवढेंच आहे, आणि त्याबद्दल त्यांस घरांत कोणी कांहीं बोलत नाहीं. सूनबाईची सरासरी मागल्या रविवारीं 63.3 होती, या रविवारीं 63.2.